क्रिएटिनिनचा आकडा समोर ठेवून

हे मनन घाईनं वाचायचं नाही. एका बैठकीत पुरं झालं नाही तरी चालेल. मध्येच उठून कुणाला गोळी द्यायची असेल, डबा पोचवायचा असेल, तर खुशाल जा आणि सवडीनं परत या. घरात कुणाला मल्टिपल मायलोमा झालाय आणि डॉक्टरांनी ‘किडनीवरही परिणाम झालाय’ असं सांगितलंय, अशा माणसासाठी हे मुख्यतः लिहिलं आहे. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

बसा. खुर्चीवर, पलंगाच्या कडेला, वॉर्डाबाहेरच्या बाकावर, कुठंही. रिपोर्टची फाइल खाली ठेवा. त्यातला एक आकडा मात्र असू द्या मनात, कारण तो काढून टाकतो म्हटलं तरी निघणार नाही. क्रिएटिनिन. किडनी मंदावली की रक्तात साचणारा टाकाऊ घटक. निरोगी माणसाचं साधारण एकच्या आसपास असतं. तुमच्या कागदावर तीन असेल, सहा असेल, त्याहूनही जास्त असेल. आकडा दिसला की त्याच्या पाठोपाठ प्रश्न येतो: मग किती दिवस? त्या प्रश्नाला हाकलू नका. उत्तर देण्याचीही घाई करू नका. आपण आधी शरीरात जरा आत जाऊन बघू, तो आकडा नक्की कुठून आला ते.

लक्ष कमरेच्या मागच्या हाडाकडे न्या. बोन मॅरो काढताना सुई घालतात ती जागा. हाड बाहेरून टणक, आत मऊ मज्जा, आणि रक्त तिथं तयार होतं. या मज्जेत प्लाझ्मा पेशी असतात. निरोगी माणसात त्या शंभरात जेमतेम दोनचार. त्यांचं काम अँटिबॉडी बनवायचं. प्रत्येक अँटिबॉडीत दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या साखळ्या असतात. हलकीला लाइट चेन म्हणतात. पेशी लाइट चेन थोड्या जास्तच बनवते, म्हणून तुमच्या-माझ्या रक्तातही काही सुट्या लाइट चेन फिरत असतात. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

मायलोमात एकच प्लाझ्मा पेशी बिघडते आणि तिच्यासारख्याच पेशी वाढत जातात. शंभरातल्या दोनचारच्या जागी तीस, पन्नास, कधी ऐंशी होतात. बाकीच्या रक्तपेशींना जागा उरत नाही, हिमोग्लोबिन उतरतं. हाडं पोखरली जातात, त्यातलं कॅल्शियम रक्तात उतरतं. आणि या सगळ्या पेशी एकाच साच्यातलं, कुठल्याच जंतूच्या विरुद्ध कामी न येणारं प्रथिन रात्रंदिवस रक्तात सोडत राहतात. बऱ्याच रुग्णांत त्याबरोबर सुट्या लाइट चेनही, कधी नेहमीच्या शेकडो पटींनी.

एक श्वास घ्या. आता लक्ष थोडं वर आणा. पाठीकडे, शेवटच्या बरगड्यांच्या आत, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. दोन किडन्या. प्रत्येकीत साधारण दहा लाख नेफ्रॉन. दिवसाकाठी जवळजवळ 180 लिटर पाणी रक्तातून गाळून निघतं आणि त्यातलं दीडदोन लिटर सोडलं तर सगळं परत रक्तात घेतलं जातं. तुम्ही हे वाचताय तेवढ्या वेळातही ते चाललंय, रुग्णाच्या शरीरातही, जेवढे नेफ्रॉन चालू आहेत तेवढ्यांत.

लाइट चेन आकारानं लहान, म्हणून त्या सहज गाळून खाली येतात. पुढं नलिकेच्या पहिल्या वळणावरच्या पेशी त्यांना उचलतात, आत घेतात, तोडतात, आणि उपयोगी भाग शरीराला परत देतात. रोजचं काम आहे त्यांचं. मायलोमात तेच काम शेकडो पटींनी अंगावर येतं. पेशी उचलत राहतात, आणि उचलता उचलता स्वतःच आजारतात, सुजतात. जे उचलता येत नाही ते पुढं वाहतं. पुढच्या भागात किडनी स्वतः युरोमोड्युलिन नावाचं एक प्रथिन बनवते. निरोगी लघवीत सर्वांत जास्त असणारं हे प्रथिन, मूत्रमार्गाला जंतुसंसर्गापासून जपणारं. लाइट चेन नेमकी त्यालाच जाऊन चिकटते. दोन्ही मिळून घट्ट गठ्ठे होतात आणि नलिका बंद पडते. जुन्या घरातली मोरी तुंबते तसं. वरून येणारं पाणी चांगलंच असतं, पण जायला वाट नसते.

इथं थोडं थांबा. घरातली माणसं स्वतःला आणि रुग्णाला बोल लावतात, हे नेहमी दिसतं. मीठ जास्त खात होते, पाणी पीत नव्हते, वेळेवर झोपत नव्हते. मिठानं किंवा झोपेनं हा आजार होत नाही. पाण्याचा या तुंबण्याशी संबंध आहे, पण दोष म्हणून नव्हे. त्याकडे पुढं येऊ.

दोष कुणाचा नसला तरी एक गोष्ट मात्र घडलेली असते, आणि तिच्याकडे बघणं जड जातं. बघूया, सावकाश.

मायलोमाची सुरुवात पुष्कळदा कंबरदुखीनं होते. पाठ धरते, बरगडीत चमक निघते. आपल्याकडे या आजाराचे बरेच रुग्ण पन्नाशी-पंचावन्नीतले असतात, म्हणजे कामाधंद्याच्या वयातले. त्या वयात कंबर कुणाची दुखत नाही? शेतात वाकून काम आहे, मोटरसायकलवर रोजचे खड्डे आहेत, लोकलमध्ये उभं राहून प्रवास आहे. बाम लावला जातो, पट्टा बांधला जातो, मग मेडिकलमधून गोळी येते. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन. चिठ्ठी बहुधा कुणी विचारत नाही, मागितली की मिळते. आराम पडतो, म्हणून पुन्हा घेतली जाते. दुखणं वाढलं की कुणीतरी तेच औषध इंजेक्शनमधून देतं. असे महिने जातात.

ही औषधं किडनीला होणारा रक्तपुरवठा आवळतात. निरोगी किडनी ते बहुधा सोसते. लाइट चेननं आधीच गांजलेल्या किडनीला ते सोसत नाही. वर हाडांतून सुटलेलं कॅल्शियम लघवीवाटे पाणी ओढून नेतं, तोंड कोरडं पडतं, मळमळतं, पाणी प्यावंसं वाटत नाही. लघवी दाट होते, गठ्ठे लवकर बनतात. आणि एक दिवस ‘अशक्तपणा आहे’ म्हणून रक्त तपासतात तर क्रिएटिनिन सात. हाड दुखतं म्हणून गोळी, गोळीनं किडनी, आणि किडनी गेली म्हणून पहिल्यांदा हाडाच्या दुखण्याचं खरं कारण सापडतं, असा हा उलटा प्रवास. माझ्या मते या आजाराची सगळ्यांत क्रूर गोष्ट ही आहे.

ती गोळी आणून देणारे तुम्ही असाल तर हे वाक्य दोनदा वाचा: तुम्ही दुखणाऱ्या माणसाला औषध आणून दिलंत. त्यापुढचं तुम्हाला कळायला काही मार्ग नव्हता. डॉक्टरांनाही नेहमी कळतं असं नाही. लघवी तपासायची जी कागदी पट्टी असते, ती अल्ब्युमिन दाखवते. लाइट चेन तिला जवळजवळ दिसतच नाही. लघवीतून प्रथिन भरभरून जात असतं आणि पट्टी म्हणते, नाममात्र.

हे न दिसणं फार जुनं आहे. मन आता 1845 च्या लंडनमध्ये नेऊ. थॉमस मॅकबीन, वय 45, किराणा दुकानदार. आदल्या वर्षी छातीत काहीतरी तुटल्यासारखं झालं, तेव्हापासून दुखणं मागं लागलेलं. त्याच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली होती: लघवी लागलेले आतले कपडे वाळले की कडक पडत. मधल्या काळात त्याला बरं वाटलं, तो स्कॉटलंडला जाऊन आला, आणि शरद ऋतूत पुन्हा अंथरुणाला खिळला. डॉक्टर विल्यम मॅकिंटायर यांनी त्याची लघवी तपासली. तापवली की पातळ, निवली की पुन्हा घट्ट. नेहमीचं अल्ब्युमिन असं वागत नाही. ते तापवलं की घट्ट होतं आणि तसंच राहतं. मॅकिंटायर आणि टॉमस वॉटसन यांनी नमुना सेंट जॉर्ज हॉस्पिटलमधल्या हेन्री बेन्स जोन्स या तरुण रसायनतज्ज्ञाकडे पाठवला आणि विचारलं, हे आहे तरी काय? बेन्स जोन्सनं पुष्कळ प्रयोग केले आणि हे प्रथिन पुढच्या रुग्णांत शोधावं असं बजावून ठेवलं. त्याचं नाव त्या प्रथिनाला चिकटलं. ते प्रथिन म्हणजे लाइट चेनच, हे एडेलमन आणि गॅली यांनी 1962 मध्ये दाखवलं. मधे शंभराहून अधिक वर्षं गेली.

मॅकबीन 1 जानेवारी 1846 रोजी गेला. शवविच्छेदनात बरगड्या मऊ, ठिसूळ, सुरीनं कापता येतील अशा. आणि किडन्या? मॅकिंटायरनं त्या धडधाकट असल्याची नोंद केली आहे.

या नोंदीपाशी हवा तितका वेळ बसा. ज्या माणसाच्या लघवीतून हे प्रथिन जगाला पहिल्यांदा कळलं, त्याच्या किडन्या शेवटपर्यंत चालत होत्या. तेच प्रथिन त्यांतून ढिगानं जात होतं तरी. ही चूक नाही. 1991 मध्ये अॅलन सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या रुग्णांच्या लघवीतलं हे प्रथिन उंदरांना टोचून बघितलं. काहींच्या प्रथिनानं उंदरांच्या किडन्या बिघडल्या, काहींच्या प्रथिनानं काहीच झालं नाही. प्रत्येक रुग्णाची लाइट चेन वेगळी घडलेली असते. कुणाची चिकटते, कुणाची नाही. शेजारच्या पलंगावरच्या काकांचं क्रिएटिनिन एक आणि आपल्या माणसाचं सहा, यामागं पथ्य, स्वभाव, पुण्याई काही नसतं. साखळीची घडण असते.

आता तो प्रश्न. किती दिवस?

त्याच्याकडे सरळ बघूया, पण आकड्यांच्या आत जाऊन. डुरी आणि सॅल्मन यांनी 1975 मध्ये मायलोमाच्या पायऱ्या ठरवल्या तेव्हा क्रिएटिनिन दोनच्या खाली असेल तर ‘ए’ आणि दोन किंवा अधिक असेल तर ‘बी’ अशी अक्षरं जोडली. ‘बी’ची माणसं कमी जगत. ब्रिटनमधल्या 1980 ते 2002 च्या चाचण्यांत 3,107 रुग्ण होते. त्यांतले दहा टक्के निदानापासून साठ दिवसांच्या आत गेले, आणि त्या मृत्यूंत किडनी निकामी होणं हे जंतुसंसर्गाच्या खालोखालचं मोठं कारण होतं. हे कटू आहे, आणि खरं आहे. निदान होतानाच किडनीवर परिणाम झालेले रुग्ण कमी नसतात. मोजमाप कसं धरलं त्यानुसार पाचातला एक ते निम्मे.

पण हे आकडे काय मोजतात ते पाहा. ज्यांची किडनी बिघडलेली असते त्यांच्यात रोगाचा पसाराही बहुधा मोठा असतो. त्यांना काही औषधं कमी मात्रेत द्यावी लागतात. त्यांना संसर्ग लवकर होतो. आणि क्रिएटिनिन जास्त असलेल्यांना नव्या औषधांच्या चाचण्यांत पुष्कळदा घेतलंच जात नाही, त्यामुळं नव्या औषधांचे चांगले निकाल त्यांच्या नावावर उशिरा जमा होतात. आज रिपोर्टवर जी ‘स्टेज थ्री’ दिसते ती मुख्यतः बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन या घटकावरून ठरते. हा घटक शरीराबाहेर टाकण्याचं काम किडनीचं, म्हणून किडनी मंदावली की तो आपोआपच वाढतो. तेव्हा त्या ‘थ्री’मध्ये रोग किती आणि किडनी किती, हे त्या एका आकड्यावरून सुटं करता येत नाही. कागदावर ‘थ्री’ बघून ज्यांची रात्र गेली असेल त्यांनी हे मनाशी घोळवावं.

आणि ‘सरासरी इतके महिने’ असं जे कानावर येतं ते बहुधा असं असतं: निम्मी माणसं तेवढ्याच्या आत गेली, निम्मी त्याच्या पुढं जगली. किती पुढं, ते त्यात नसतं. शिवाय ते आकडे काही वर्षांपूर्वी निदान झालेल्यांचे असतात. त्यांना मिळालेली औषधं आजच्यासारखी नव्हती.

आता पुन्हा त्या तुंबलेल्या मोरीकडे. अशा वेळी घरातलं शहाणं माणूस आधी काय करतं? नळ बंद करतं. वैद्यकाला मात्र बराच काळ उपसण्याचा मोह होता. प्लाझ्मा बदलून लाइट चेन काढून टाकायच्या, मोठ्या छिद्रांच्या डायलिसिस मशीननं त्या गाळून घ्यायच्या. कल्पना चांगली वाटते. फ्रान्समधल्या चाचणीत, तिचे निकाल 2017 मध्ये आले, मोठ्या छिद्रांच्या डायलिसिसवरचे 41 टक्के आणि साध्या डायलिसिसवरचे 33 टक्के रुग्ण तीन महिन्यांनी डायलिसिसमधून सुटले होते. एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो, असं गणित सांगत होतं. ब्रिटन-जर्मनीतल्या दुसऱ्या चाचणीतही फायदा दिसला नाही. मज्जेतून माल येतच असेल तर उपसून किती उपसणार?

नळ मज्जेत आहे. बोर्टेझोमिब 2003 मध्ये आलं आणि चित्र पालटलं. पोटाच्या कातडीखाली देतात ते इंजेक्शन. पेशी आपल्या आतली टाकाऊ प्रथिनं मोडण्यासाठी जी यंत्रणा वापरते तीच ते बंद पाडतं; रात्रंदिवस प्रथिन बनवणाऱ्या मायलोमा पेशीला हे सगळ्यांत आधी सोसवत नाही. किडनी बिघडलेल्यालाही ते पूर्ण मात्रेत देता येतं, डायलिसिस चालू असताना सुद्धा. आता भारतीय कंपन्याही ते बनवतात, म्हणून पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त झालंय. जोडीला डेक्सामेथासोन, म्हणजे वॉर्डातली ‘डेक्सा’. ते घेतलं त्या दिवशी रुग्ण रात्रभर टक्क जागा असतो, दोन वाजता पोहे मागतो, बारीकसारीक गोष्टीवरून चिडतो. ते औषध बोलतंय, माणूस नव्हे. त्या रात्री वाद घालू नका. जमल्यास पोहे करा.

मग वाट बघायची. तीही नेमकी कशाची ते माहीत असलं तर बरं पडतं. रक्तातल्या सुट्या लाइट चेन मोजायची चाचणी 2001 पासून आहे. एका अभ्यासात असं दिसलं, की उपचार सुरू झाल्यापासून 21 व्या दिवशी त्या साठ टक्क्यांनी उतरल्या तर ऐंशी टक्के रुग्णांची किडनी सावरली. म्हणून पहिल्या तीन आठवड्यांत क्रिएटिनिन हटत नाही म्हणून खचून जाऊ नका. ते मागून चालतं. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न हा: फ्री लाइट चेन किती उतरल्या? काहींची किडनी काही आठवड्यांत वळते, काहींचं डायलिसिस सहा महिन्यांनी, वर्षानं सुटतं. काहींचं सुटत नाही, आणि तीही माणसं आठवड्यातून दोनतीनदा डायलिसिसला जात मायलोमाचे उपचार घेतात, वर्षानुवर्षं. ज्यांची किडनी सावरते त्यांचं आयुर्मान वाढतं. किडनी कधी बिघडलीच नव्हती अशांशी पूर्ण बरोबरी होतेच असं नाही. खर्चाची चिंता असेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं विचारा. लाजू नका, तो विभाग त्यासाठीच आहे.

आता पाणी. एक पेला भरून घ्या आणि सावकाश, घोटाघोटानं प्या. पिता पिता पुढचं वाचा.

किडनीचा आजार म्हटलं की घरात पहिला नियम होतो, पाणी कमी. शेजारीपाजारीही तेच सांगतात, कारण त्यांनी मधुमेहानं किडनी गेलेलं कुणी पाहिलेलं असतं. मायलोमात बहुतेकदा उलटं असतं. लघवी होत असेल, अंगावर सूज नसेल, हृदय ठीक असेल, तर डॉक्टर दिवसाला तीन लिटरपर्यंत प्यायला सांगतात, कारण लघवी पातळ राहिली तर लाइट चेन कमी चिकटतात. लघवी बंद झाली असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. म्हणून ‘किडनीच्या पेशंटला पाणी किती’ असं कुणालाही विचारू नका. ‘आमच्या पेशंटला आज किती’ असं त्याच्या डॉक्टरांना विचारा, आणि प्रत्येक भेटीत नव्यानं विचारा. तोवर एक मापाची बाटली ठरवून ठेवा. रुग्णाला कडू लागतं, नको वाटतं. मग ‘पाणी पी’ असं दहादा म्हणण्यापेक्षा तुम्ही त्याच्यासोबत पेला हातात घ्या. दोघं मिळून प्यायला वेळ लागत नाही.

पेला संपला असेल तर घरातला औषधांचा डबा उघडा. दुखण्याच्या गोळ्या बाजूला काढा, अर्धी राहिलेली पाकिटं, बिनपाकिटाच्या सुट्या गोळ्याही. कुठली चालेल ते डॉक्टर सांगतील. पॅरासिटामॉल बहुधा चालते, बाकीच्या विचारल्याशिवाय नाही. गावाकडून कुणी काढा, भस्म आणलं असेल तर तेही दाखवून घ्या, प्रेमानं आणलं असलं तरी. जुलाब, उलट्या, ताप यांतलं काही झालं तर सकाळ होण्याची वाट बघू नका, कारण अंगातलं पाणी एका रात्रीत उतरतं. आणि कुठल्याही नव्या दवाखान्यात, दात काढायला गेलात तरी, सीटी स्कॅनला डाय देणार असतील तरी, कुणी विचारण्याची वाट न बघता आधीच सांगा: मायलोमा आहे, किडनी जपायची आहे.